पुलावरचा चौथा पक्षी

माझं शिक्षण सातवीपर्यंत. त्यामुळे या अंकात माझ्या शेजारच्या पानावर ज्यांचा लेख छापून येईल, त्यांनी मला जरा सांभाळून घ्यावं. लिहायला सांगणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही बोलता तसंच लिहा." बोलते तसं सगळं लिहिलं तर अंक माझ्या एकटीनंच भरेल आणि जाहिरातींना जागा उरणार नाही. म्हणून कुठून सुरू केलं, कुठं संपवलं असला पाढा न वाचता एकाच पेटीचं सांगते.

कोणी विचारलं, "बाई, तुमचा धंदा काय होता?" की मी सांगते, "मी मंडईत तलवारवाली चालवत होते." मग समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग माझ्या हातांकडे.

तर तलवारवाली म्हणजे गेमची मशीन. माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, तिच्या पोटात टीव्ही, टीव्हीखाली एक दांडी आणि दोन बटनं. दांडी ढकलली की काचेतली बाई चालते, पिवळं बटन दाबलं की उडी मारते, लाल दाबलं की तलवार फिरवते. चालते म्हणजे काय, ती बिचारी काचेच्या मधोमध पाय हलवते आणि झाडं, डोंगर, पूल, किल्ला हे सगळं उजवीकडून डावीकडे सरकत जातं. समोरून पक्षी येतात, भुतं येतात, भाले येतात. कापायचं नाहीतर उडी मारून चुकवायचं. तीन वेळा मार बसला की डाव संपला, पुढचा गडी उभा.

पेटीवर चिनी की जपानी अक्षरं होती, ती मला शेवटपर्यंत वाचता आली नाहीत. बाजूच्या फळीवर बाईचं मोठं चित्र होतं. डोळे बशीएवढे, नाक नावापुरतं, निळे केस कमरेपर्यंत, हातात तिच्याहून लांब तलवार. आणि घागरा गुडघ्याच्या बराच वर. पवनीकडच्या आसगावला पहिल्याच वर्षी एक म्हातारे गृहस्थ आले. चित्राकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, थोडंसं झाका जी. लेकीसुना येतात." मी माझं जुनं लुगडं फाडून पेटीभोवती खिळ्यांनी ठोकलं. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट! आत काय झाकलंय ते पाहायला सगळे लुगड्याचा काठ उचलून जायचे. शेवटी त्याच गृहस्थांनी येऊन सांगितलं, "काढा बाई थे, उघडं होतं थेच बरं होतं."

आमच्या ह्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता, राहणं भंडाऱ्याला. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं गेली असतील. नागपुरात कुठलंसं उपाहारगृह बंद पडलं, त्याचं सामान मोडीत निघालं, त्यात ही पेटी ह्यांना मिळाली. टेम्पोतून उतरवली तेव्हा मी म्हटलं, "फ्रिज आणला का?" हे म्हणाले, "फ्रिज नाही वं, बाई आणली." त्या दिवशी स्वयंपाक उशिरा झाला.

ह्यांच्याजवळ बसून बसून ॲम्प्लिफायर उघडणं, तुटलेल्या तारेला कथलाचा डाग देणं मी शिकले होते. पेटीही मीच उघडली. नाणं टाकायची फट होती ती परदेशी नाण्याची, आपलं नाणं तिला गिळता येईना. मी पेटीच्या पाठीला दारावरच्या घंटीचं बटन बसवलं. गिऱ्हाईक उभं राहिलं की मी मागे हात घालून घंटी दाबायची, डाव सुरू. वीज हा दुसरा त्रास. गावात राइस मिल चालू झाली की व्होल्टेज खाली जायचं आणि आमची बाई बुटकी व्हायची. लोक म्हणायचे, "वयनी, हिले धान कांडाले नेलं का?"

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, भाजीची नव्हे, जत्रेसारखी. आज या गावची, उद्या त्या गावची. सासरी गेलेल्या मुली त्यासाठी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दिवसा दंडार, म्हणजे सोंगं घेऊन नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. ह्यांचा माइक जिथं जाईल तिथं माझी पेटी जायची. ती काचेतली बाई इतक्या घाईनं कुठं निघाली आहे हे त्या अक्षरांत लिहिलेलं असेल, पण आम्हाला कोण वाचून दाखवणार? म्हणून गावागावानं आपापलं ठरवलं. आसगावच्या बायकांनी ठरवलं की सासरच्यांनी मंडईला सोडलं नाही म्हणून ही तलवार घेऊन माहेरी निघाली आहे. मला ती गोष्ट इतकी आवडली की पुढे कोणी विचारलं तर मीही तीच सांगत होते.

तऱ्हेतऱ्हेचे खेळणारे पाहिले. नाकाडोंगरीला खाणीतला एक मजूर यायचा, हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे. तो लाल बटनाला बोटच लावायचा नाही. नुसता उड्या मारत, वाकत, चुकवत पुढे जायचा. मी एकदा विचारलं, "भाऊ, तलवार काहून नाही चालवत जी?" म्हणाला, "दिवसभर फोडतच रायतो न बाई. इथं तरी सुखानं चालू द्या." आसगावला दंडारीत बाईचं सोंग घेणारे एक गृहस्थ होते, ते तर खेळायचेही नाहीत. बाजूला उभे राहून बाईची उडी पाहायचे. मला म्हणाले, "हिचे केस मोकळे, पदर खोचला नाही, आन् उडी मारल्यावर डोळ्यावर काही येत नाही. कसं करत असन वो?" मी म्हटलं, "भाऊ, ते चित्र आहे." "असू द्या न. काढणाऱ्यानं कोनाले तरी उडी मारताना पाह्यलंच असन." त्याच दुपारी दंडारीत लाकडी तलवार घेऊन त्यांनी तशी उडी मारली. टाळ्या फार पडल्या. आमच्या माइकची वायरही तुटली.

आता धंद्यातलं गुपित सांगते. हे सांगायला मला तीस-पस्तीस वर्षं लागली असं समजा. मोहाडीच्या लोकांना मात्र ते आधीपासून माहीत आहे, का ते पुढे येईलच.

पेटीच्या आत जी मुख्य पाटी असते तिच्यावर आठ पांढरी बटनं होती, ओळीनं, प्रत्येक बटन तांदळाच्या दाण्याएवढं. बोटानं हलायची नाहीत. मी केसातला आकडा काढून त्याच्या टोकानं ती वर-खाली करायची. कुठलं बटन काय करतं हे मला कोणी शिकवलं नाही, हलवून पाहत पाहत मीच शोधलं. एकानं बाईला तीनऐवजी पाच जीव मिळत. एकानं आवाज बंद होई. आणि दोन बटनं अशी होती की ती फिरवली तर खेळ कठीण व्हायचा. सुरुवातीला काही फरक नाही, सगळं तसंच. पुढे गेल्यावर मात्र पक्षी जास्त, भाले जोरात. फिरवल्यावर पेटी एकदा बंद करून चालू करावी लागे, तेवढंच.

ही बटनं कशाला असतात? एखादा गडी इतका तयार होतो की एका डावावर तासभर हलत नाही. मागे रांग खोळंबते, लोक वैतागून आकाशपाळण्याकडे जातात. तेव्हा मालकानं मागं जायचं, "व्होल्टेज गेलं जी" म्हणून पेटी बंद करायची, बटन फिरवायचं. नागपुरातल्या पेटीवाल्यानंच ह्यांना सांगितलं होतं की सगळेच असं करतात. मीही करत होते. चार-पाच वेळा केलं असेल. कोणाला कळलं नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. मोहाडीपर्यंत.

मोहाडीला गोदाबाई होती. विणकराच्या घरची, तेव्हा चाळिशीची असेल, अंगानं वाळलेली, आवाज मात्र खणखणीत. नवऱ्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालं तशी ती स्वतः मागावर बसली. त्यांच्या आळीत बायका कांड्या भरतात, सूत उकलतात, पण मागावर बसतो तो पुरुष. तिला टोमणे कमी नव्हते. ती कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं लुगडं विणायची, करवती किनारीचं. करवती म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी. तारा मोजून विणावी लागते, एक तार चुकली की दात वाकडा आणि लुगडं वाया. सारं मोजणं डोक्यात.

पहिल्या वर्षी ती लेकीला घेऊन मंडईत आली आणि माझ्या पेटीमागं उभी राहिली ती उभीच. खेळायचं नाव नाही. नुसती काचेकडे पाहून ओठ हलवत होती. मला वाटलं, बाईचा काही नवस आहे. दीडेक तासानं पुढे आली, म्हणाली, "लाव वयनी माहा डाव." आणि पहिल्याच डावात पूल ओलांडून गेली! तोवर मोहाडीतला एकही गडी पुलापलीकडे गेला नव्हता.

मी म्हटलं, "गोदाबाई, कुठं शिकल्या जी?"

"शिकते काय त्यात? कापड जसं गुंडाळत येते तसंच हेबी येऊन राहिलं. तीन पावलं, एक उडी, दोन वार. मंग पाच पावलं. किनारच हाय न ही." मागे वळून रांगेतल्या पोरांना म्हणाली, "तुमी सारे बाईकडं पाहता रे, म्हणून मरता. बाईकडं पाहू नोका. समोरून काय येते थे पाहा."

मला हे माहीतच नव्हतं बरं का, की दर डावाला पक्षी त्याच जागी, तितकेच येतात. पेटी माझी, पण तिचा पाठ गोदाबाईला होता. ती खेळताना मोठ्यानं मोजायची आणि मागची रांग तिच्याबरोबर मोजायची. पुलावर आली की सगळे एका सुरात, "एक! दोन! तीन!" तीन पक्षी कापले की पूल पार. एखादा पक्षी हुकला तर तो वळून पाठीमागून येतो आणि बाईला पुलाखाली पाडतो, मग जीव कितीही उरोत, डाव संपला. म्हणून पुलावर तीन म्हणजे तीन.

दुसऱ्या वर्षी मोहाडीच्या मंडईला ती दुपारीच आली. हात पुसत, घाईत. म्हणाली, "वरीसभर मनात घोकून राहिली वं मी. माग चालवता चालवता." आणि खेळायला लागली. पूल गेला, डोंगर गेला, किल्ला आला. एकच डाव, तास झाला, सव्वा तास झाला. पहिला अर्धा तास रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुरकुर. "बाई, आमची पाळी येते का पुढच्या मंडईले?" दोघंतिघं रांग सोडून गेले. दूरदूरच्या गावांहून आलेले पाहुणे होते, त्यांना पेटी पाहायलाही मिळेना.

मी मागे गेले. केसातला आकडा काढला. "व्होल्टेज गेलं जी," म्हटलं. तिचा चालता डाव गेला, पण ती रागावली नाही. "विजेले काय करशीन?" म्हणून पुन्हा उभी राहिली.

पुलावर रांगेनं मोजलं, "एक! दोन! तीन!" तिनं हात सैल सोडले. चौथा पक्षी मागून आला आणि बाई पडली.

सगळ्यांना वाटलं एक हुकला. तिलाही तेच वाटलं. पुन्हा खेळली, पुन्हा पुलावर पडली. तिसऱ्यांदा तिनं मोजणं बंद केलं, ओठ घट्ट मिटून खेळली, आणि तरी पडली. मग आपल्या उजव्या हाताची बोटं तिनं डाव्या हातानं एकेक करून दाबून पाहिली. मला म्हणाली, "हातातून सुटून राहिलं वं वयनी काहीतरी." आणि गेली. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी पुढच्या गड्यासाठी घंटी दाबली.

मंडई झाली तरी आम्ही मोहाडीला आठवडी बाजारापर्यंत थांबायचो. बटनं मी परत फिरवली नाहीत, कारण रांग झपाझप पुढे सरकत होती. पण दुसऱ्या दिवशी लोकांत कुजबुज सुरू झाली. मोहाडीत गोदाबाईचं ऐकून ऐकून पुष्कळांना पूल जमायला लागला होता, आणि आता एकालाही जमेना. हात तेच, बटनं तीच, काल पार झालो आणि आज पडलो, मग हे नशीबच नाही का? आणि नशिबावर चालणाऱ्या खेळाला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळी आत्मारामजी आले. धानाचे व्यापारी, मंडईच्या पंचमंडळात त्यांचाच शब्द चालायचा. पांढरी टोपी, हातात छत्री, माणूस सरळ.

"बाई," म्हणाले, "आमच्या मंडईत आमी जुगार चालू देत नाही. पेटी उचला."

"जुगार नाही जी हा. हाताचा खेळ आहे."

"हाताचा असता तं काल जमणाऱ्याले आज काहून नाही जमत? लोक काय खोटं बोलून राहिले?"

मोहाडीनं पेटी उचलायला लावली की ती बातमी पुढच्या मंडईत माझ्याआधी पोचणार. मंडईचे पंच एकमेकांचे पाहुणेच असतात. पेटी बसली असतीच, ह्यांच्या माइकलाही मग कोण बोलावणार?

गर्दीत गोदाबाई होती. बाजाराला आली असावी, काखेत पिशवी. दोन दिवसांत चेहरा उतरला होता. ती पुढे आली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "आत्मारामजी, जुगार नाही जी हा. सारं ठरलेलं असते. मी पाठ म्हणून दाखवीन."

"म्हणजे?"

"मी काचेकडं पाठ करून उभी राहीन. खेळा तुमी. मी सांगीन तसं करा. माहा पाठ निघाला तं हा जुगार नाही."

"आन् नाही निघाला तं?"

तिनं काखेतली पिशवी खाली ठेवली. "तं पेटीत काही खोट नाही. माह्यातच हाय."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "गोदे, परवा तीनदा पडली न वं तू!"

"पडली न. म्हणूनच पाहून घ्यायचं हाय मले." आणि मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, जसं बाई बाईला सांगते तसं म्हणाली, "परवा घरी गेली न वयनी, तं मागावरची किनार मले चुकल्यासारखी दिसाले लागली. बोटभर विणलेलं उसवून टाकलं मी. काल पुन्हा विणलं, तं तसंच निघालं, आधीच्यासारखंच. म्हणजे पहिलं बरोबरच होतं. पण आता माहा मोजण्यावर भरोसाच नाही रायला. त्याइले तं दिसत नाही. माही मोजणी गेली तं आमचा माग गेला."



आत्मारामजींनी छत्री एकाच्या हाती दिली, टोपी मागे सरकवली आणि दांडी धरली. नांगराची मूठ धरावी तशी. मी घंटी दाबली. गोदाबाई पेटीकडे पाठ करून, डोळे मिटून उभी.

"चला. तीन पावलं. उडी!"

"कोणतं बटन वो?"

"पिवळं जी, पिवळं! आता वार. दोन वार. थांबा, थांबा, भाला जाऊ द्या... गेला? आता पाच पावलं."

लोक हसता हसता पुढे सरकले. साठीचा धानाचा व्यापारी, कपाळावर घाम, आणि एक विणकरीण न पाहता सांगते आहे की आता झाडामागून दोन भुतं येतील, आणि झाडामागून दोन भुतं येत आहेत. "आली बापा!" आत्मारामजी ओरडले. सुरुवातीचं रान पार झालं. इथवर काही बदलत नाही हे मला माहीत होतं. पुढे पूल होता.

आता खरं ते सांगते. मी तेव्हाही खरं बोलायला नाही, लपवायला मागे गेले. पेटी बंद करायची, आकड्यानं बटनं जागेवर आणायची, पुन्हा चालू करायची. तिचा पाठ निघेल, जुगाराचा डाग जाईल, कोणाला काही कळणार नाही. मी खटका खाली ओढला. काच काळी झाली.

"व्होल्टेज गेलं जी," मी म्हटलं आणि केसात हात घातला.

तेवढ्यात गोदाबाई पेटीच्या मागे आली. माझा हात धरला. "वयनी," म्हणाली, "माह्यासाठी बंद नोको करू. पुलावर पडीन म्हणून मले वाचवून राहिली न तू? राहू दे. चुकली तं चुकली. मले कळाले पायजे न."

तिनं धरलेल्या त्याच हातात आकडा होता.

मी पेटीचं मागचं दार सताड उघडलं आणि पेटी सगळ्यांसमोर फिरवली. म्हटलं, "या जी, पाहा. चूक गोदाबाईची नाही. ही बटनं मी परवा फिरवली. पुलावर तीन पक्षी होते, ते मी चार केले. रांग खोळंबली म्हणून केले. ती बरोबरच मोजत होती."

शेजारच्या दुकानातला चिवडेवालासुद्धा झारा धरून उभा. शेवटी आत्मारामजी म्हणाले, "म्हणजे जुगार नव्हता. ठगी होती."

"हो जी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गोदाबाई त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या बटनांकडे वाकून पाहत होती. मला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरंच झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "चौथा कुठून निघते?"

"पुलाच्या टोकाला. तिसरा पडला की लगेच."

"हां," ती म्हणाली. मग दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसली आणि रडली. चौघांत, बाजाराच्या मधोमध. एक म्हातारी तिच्याजवळ बसून पाठीवरून हात फिरवायला लागली आणि मला म्हणाली, "पाहून काय राहिली? पाणी आण."

पाणी पिऊन ती उठली आणि पुन्हा पेटीकडे पाठ करून उभी राहिली. मी सगळ्यांदेखत बटनं जागेवर आणली. डाव पहिल्यापासून. पुलाशी आले तेव्हा गर्दीनं मोजलं, "एक! दोन! तीन!" आणि आत्मारामजी पुलापलीकडे! त्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं, "पुढे काय हाय वो बाई?" त्यांना दांडी सोडवेना. डोंगराशी पडले तेव्हा कुठं निकाल दिला. पेटी राहील. पण मागच्या दाराला कुलूप लागेल, आणि मोहाडीत पेटी असेतोवर चाबी गोदाबाईपाशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी चाबी परत मागायला तिच्या घरी गेले. घरात खड्ड्याचा माग, खड्ड्यात पाय सोडून ती बसलेली. तिचा नवरा भिंतीला टेकून, सूत हातानं चाचपत होता. मला पाहून तिनं धोटा थांबवला नाही. चहा लेकीनं केला. मी माफी मागितली, ती तिनं ऐकली. चाबी पदराच्या गाठीतून सोडून दिली आणि म्हणाली, "पुढच्या साली चारच ठेवजो."

"चार? कठीण?"

"सोपं थे झालं न माहं पाठ. कठीण कर. पण सांगून कर वं बाई."

तेव्हापासून माझ्या पेटीवर पुठ्ठ्याची पाटी लटकायची. एका बाजूला 'आज सोपा', दुसऱ्या बाजूला 'आज कठीण'. नागपूरचा पेटीवाला पोट धरून हसला होता. म्हणाला, दुकानदार माप दाखवून मारतो का कुठं? त्याला काय सांगू, 'आज कठीण' लावलं की रांग वाढायची! पेटी पुढे पाच-सहा वर्षं चालली. मग घरोघरी टीव्ही आले, टीव्हीला जोडायचे छोटे गेम आले, आणि तलवारवाली आमच्या पडवीत उभी राहिली. चित्रनळी इतकी जळली होती की वायर काढली तरी काचेत बाई दिसायची.

मोहाडीच्या त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. चहा पिऊन मी उठले, तेव्हा मागावरच्या लुगड्याकडे पाहिलं. करवतीचे दात एकसारखे, कुठं काही वाकडं नाही. मी म्हटलं, "गोदाबाई, उसवून विणलेलं कुठलं? मला तर दिसत नाही."

"नाहीच दिसत," ती म्हणाली. "घेणारीलेबी नाही दिसणार."

मग तिनं धोटा खाली ठेवला, माझं बोट धरलं आणि किनारीवरून सावकाश पुढे नेत एका जागी टेकवून ठेवलं.